मामांचा खोकला आणि पाचवं शील

आमच्या गावच्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना असते. पंचशील म्हणताना चौथं संपून पाचव्याची सुरुवात झाली, की मामांना खोकला यायचा. साधासुधा नाही, छातीतून दगडगोटे गडगडत यावेत तसा. पाहुणा माणूस घाबरून पाणी आणायला उठायचा. आम्ही गावातले कोणी उठायचो नाही. त्या खोकल्याचं कारण मामांच्या शेजारीच मांडी घालून बसलेलं असायचं, आणि ते कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ.

पाचवं शील म्हणजे दारूपासून, कुठल्याही नशेपासून लांब राहीन असा दिलेला शब्द. भाऊ पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचा आणि पाचव्याला ओठ मिटून घ्यायचा. त्याचा आवाज असा, की लहानपणी त्याला पुढं उभं करून सगळं गाव त्याच्या मागून म्हणायचं. तो आवाज मधेच थांबला की विहारात खड्डा पडल्यासारखं वाटायचं, आणि बायकांच्या बाजूला बसलेली माझी भावजय मान खाली घालायची. मामा खोकायचे ते तो खड्डा बुजवायला.

बाकीचे पिणारे खुशाल पाचवं म्हणायचे आणि बाहेर पडून गुत्त्याची वाट धरायचे. मी एकदा चिडून भावाला म्हटलं, "अरे, म्हणून टाक की मेल्या. कोण तपासायला येतंय? बायकोला तरी मान खाली घालावी लागायची नाही."

तर तो म्हणाला, "आक्का, आत्ताच चवथं म्हणलो ना, खोटं बोलनार न्हाई म्हणून. लगीच पाचव्याला खोटं बोलू व्हय?"

आता या माणसाला काय बोलायचं? दारू पिऊन गटारात पडेल, पण शब्द खोटा देणार नाही. मला त्याचा असा संताप यायचा की थोबाडीत द्यावी, आणि त्याच घडीला इतकी माया यायची की तोंडावरून हात फिरवावा. दोन्हीतलं काहीच केलं नाही. रविवारी दुकान बंद करून नसरापूरहून यायचं, वंदना करायची, भावजयीनं केलेला चहा प्यायचा आणि सहा आसनी गाठायची, एवढंच माझ्या हातात होतं.

नसरापूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माहेर कामथडीपासून थोडं आत. आई-वडील गेल्यावर मामाच आमचं मोठं माणूस. मामी वारल्या, तेव्हापासून ते भावाच्याच घरी राहायला होते. भाऊ पेंटर. म्हणजे घरं रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. नसरापूरच्या बाजारात अजून दोन-चार जुनी शटरं आहेत, त्यांच्यावर त्याचा हात दिसतो. अक्षराला खालून अशी हलकी सावली द्यायचा, की दुकान किराण्याचं असलं तरी सोनाराचं वाटावं. मग फ्लेक्स आले. त्याचं काम गेलं आणि रिकामा वेळ आला. दारू काही फ्लेक्समुळं लागली असं मी म्हणणार नाही, आधीही तो घ्यायचाच. पण आधी कामातून वेळ काढून प्यायचा, नंतर पिण्यातून वेळ मिळाला तर काम करायचा.

त्या वर्षी चैत्रात त्याचे डोळे पिवळे झाले. नसरापूरच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "यकृत सुजलंय. आता थांबला तर वाचेल. नाही थांबला, तर पुन्हा माझ्याकडं आणून उपयोग नाही." त्याच आठवड्यात भावजय लेकीला घेऊन वेल्ह्याकडं माहेरी निघून गेली. जाताना माझ्या दुकानात आली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, "वन्सं, आजवर समदं बघितलं. त्यांना मरताना बघायचं माज्यानं व्हनार न्हाई. दारू सुटली तर बोलवा, मी येते."

ती पाठमोरी एसटीकडं गेली, आणि मी कात्री ठेवून माहेर गाठलं. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "सोडायची तर हाय गं. पन सकाळी हात कापतात, मग काय सुचत न्हाई." एवढं बोलून पोरासारखा रडला.

मी मोबाईलवर व्यसनमुक्तीची केंद्रं शोधली. बाई बाई, काय ती केंद्रं. जो तो एक नंबर, जो तो खात्रीशीर. फोटोत हिरवळ आणि हसरी माणसं. सगळ्यांची स्तुती सारखीच, जणू एकाच माणसानं बसून लिहिलेली. कोणतं धरावं आणि कोणतं सोडावं, माझं डोकं उठलं. मी मामांना सांगितलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "फोटूवर कुनी सोयरीक करतं का? जाऊन बघाया पायजे."

इथं मामांविषयी सांगायला हवं. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत आमच्या लोकांची जेवढी लग्नं जुळली, त्यातली निम्मी तरी मामांनी जुळवलेली. हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. परक्याच्या घरचं पाणी प्यायचे पण पसंती ठरेपर्यंत जेवायचे नाहीत. त्यांची रीत ठरलेली. घरात गेलं की आधी पाणी मागायचं आणि तांब्या बघायचा. तांब्या लखलखीत असला की घर नेटकं. मग दारातल्या चपला बघायच्या, नीट मांडलेल्या आहेत का फेकलेल्या. निघताना गावातल्या किराणा दुकानात काडेपेटी घ्यायची आणि त्या घराची चौकशी करायची. मामांच्या कोनाड्यात काडेपेट्यांचा ढीग असायचा, विडी मात्र ते कधी ओढत नसत.

तर मामांनी हीच रीत व्यसनमुक्ती केंद्रांना लावली. भावाला बरोबर घ्यायचं मी म्हटलं, तर म्हणाले, "पयल्या खेपंला पोराला न्यायचं नसतं. आदी मोठ्या मान्सांनी बघायचं."

पहिलं केंद्र हायवेवर, सारोळ्याच्या बाजूला. मोठा बंगला, फाटकाला आतून कुलूप. ऑफिसात गार हवा. कडक इस्त्रीचा माणूस म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता द्या. आमची पोरं गाडी घेऊन येतील आणि उचलून आणतील. शंभर टक्के गॅरंटी." मामांनी पाणी मागितलं. सीलबंद बाटली आली. मामांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि तशीच टेबलावर ठेवली. मग शांतपणे विचारलं, "आपलं मूळ गाव कंचं?" तो माणूस गडबडला. मी तोंडाला पदर लावला. बाहेर येताना खिडकीच्या गजांमागं बरीच माणसं बसलेली दिसली. आम्ही जवळून गेलो तरी एकानंही मान वर केली नाही. ते बघून माझं हसू तिथंच जिरलं.

नीरेच्या पुलाजवळ झाडाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली. मामा म्हणाले, "उचलून आनलेली नवरी नांदत नसती." मग कांदा बुक्कीनं फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. भाऊ मरणाच्या दारात, भावजय माहेरी, आणि मला त्या कांद्या-भाकरीची चव अजून आठवते. हायवेवरून ट्रक धडधडत होते, वारा गरम होता, आणि मामा बरोबर होते म्हणून मला भीती वाटत नव्हती.

मग वेल्ह्याच्या रस्त्याला एक औषधवाले होते, त्यांच्याकडं वडापच्या जीपनं गेलो. तोरणा समोर दिसत होता आणि बायका रस्त्याकडंला करवंदं विकत बसल्या होत्या. औषधवाले बोलायला गोड होते, तांब्याही लखलखीत. पण त्यांचं चूर्ण न सांगता आमटीत कालवून द्यायचं होतं. "त्याला कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले. त्यात काय काय घातलंय ते मात्र सांगेनात. मामा तिथून उठले ते उठलेच. जीपमध्ये म्हणाले, "ज्याचं लगीन त्यालाच ठावं न्हाई, आसं कुटं आसतं का?" मला हे वाक्य पुढं फार आठवलं, कारण आम्हीही तेच करत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तिसरं केंद्र घाट चढून पुण्याच्या बाजूला. ते मात्र खरंच चांगलं होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही. डॉक्टर, वेळेवर जेवण, सकाळी व्यायाम, बसून बोलायला माणसं. राहणारी माणसं अंगणात झाडांना पाणी घालत होती आणि मामांशी दोन शब्द बोललीसुद्धा. चपला भिंतीला ओळीनं लावलेल्या. तांब्या नव्हता, पण स्टीलचा जग आरशासारखा. मामांनी थेट स्वयंपाकघरात जाऊन आमटीचं झाकण उचललं आणि आचाऱ्याला विचारलं, "फोडनीला कांदा-लसूण का निस्तं जिरं?" समाधान झाल्यावर बाहेरच्या दुकानात काडेपेटी घेतली. दुकानदारानं चांगलं सांगितलं. मामांचा चेहरा फुलला. "आक्के, स्थळ चांगलंय. देऊन टाकू."

चौथं भोरला, ते आम्ही केवळ बघायचं सुटायला नको म्हणून बघितलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, की दारू एकदम तोडली तर फेफरं येऊ शकतं, जिवावर बेततं, म्हणून पहिले काही दिवस इथं खाटेवर ठेवू, औषधं देऊ. त्यानंतर गावातच एका खोलीत दारू सोडलेली माणसं संध्याकाळी जमतात, तिथं येत राहायचं. ती खोली आम्ही बघायला गेलो. एक सतरंजी, दोन बाकं, कोपऱ्यात प्लास्टिकची घागर. चपला दारात अशा विखुरलेल्या, की पाय ठेवायला जागा नाही. एक चष्मेवाले गृहस्थ केर काढत होते. मामांनी आपली चौकशी सुरू केली, तर ते केरसुणी टेकवून म्हणाले, "ते सगळं नंतर सांगतो. ज्याला सोडायचीय तो कुठाय?"

मामा म्हणाले, "त्यो घरी हाय. आमी त्याच्या वतीनं आलोय."

"मग त्याला घेऊन या. त्याच्याशी बोलायचंय मला," असं म्हणून ते पुन्हा केर काढायला लागले.

मामांचा असा अपमान कोणत्याही मुलीच्या बापानं केला नव्हता. ना पाणी, ना बसा. एसटी स्टँडपर्यंत ते छत्री आपटत चालले. "मानपान म्हनून काय न्हाई. त्या खोलीत पोरगं द्यायचं व्हय?" मीही मान हलवली. घाटावरच्या केंद्राला आम्ही होकार कळवून टाकला.

आता भावजयीला सांगायला हवं होतं. तिच्या माहेरी गेलो तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मामांनी मोठ्या हौसेनं सगळं वर्णन केलं. अंगण, झाडं, जग, आमटी. ती ऐकत होती आणि सूप चालूच होतं. मामा थांबल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"मामा, रागावू नका," ती म्हणाली. "माजंबी लगीन तुमीच जमवलं. तुमी आमच्या हितं आला, तांब्या बघितला, चपला बघितल्या, माज्या आमटीचं झाकान उचलून बघितलं. समदं बघितलं. मला काय वाटतं त्ये तेवढं कुनी इचारलं न्हाई. आता त्यांनाबी न इचारताच धाडताय."

मामांना तोंडात मारल्यासारखं झालं. उभ्या जन्मात त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. मला वाटलं आता उठून जातील. ते उठले नाहीत. छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "व्हय पोरी. इचारायचं राहिलं खरं." मग तिच्याकडं बघून म्हणाले, "तुलाबी इचारायचं राहिलं."

भावजयीचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि चहा टाकला. मामांनी त्या घरी त्या दिवशी चहा घेतला आणि जेवलेसुद्धा.

घरी आल्यावर मामांनी भावाला समोर बसवलं आणि चारही ठिकाणं सांगितली. एकाचंही वाईट सांगितलं नाही, एकाचंही जास्त चांगलं सांगितलं नाही. लग्नं जुळवणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. भावानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्या भोरच्या खोलीतल्या मान्सानं खरंच माजं इचारलं? त्यो कुठाय म्हनून?"

"व्हय," मामा म्हणाले.

"मंग तितंच जातो."

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि घाटावरच्या केंद्राला मला नकार कळवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं भोरला गेलो. दवाखान्यातले पहिले दिवस मला आठवायला नको वाटतात. त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तो मलाच आई म्हणून हाक मारायचा. मामा खाटेशेजारच्या स्टुलावरून हलले नाहीत. मग ती खोली सुरू झाली. भाऊ संध्याकाळी एसटीनं भोरला जायचा, आणि बहुतेक वेळा मामा त्याच्याबरोबर जायचे, पण आत जायचे नाहीत. बाहेर पायरीवर बसून दारातल्या चपला ओळीनं लावायचे. चष्मेवाल्या गृहस्थांशी पुढं त्यांची अशी गट्टी जमली, की त्यांच्या पुतणीचं लग्नसुद्धा मामांनीच जुळवलं, या खेपेला मुलीला विचारून.

सगळं सरळ झालं असं नाही. एका हळदीत भाऊ पुन्हा प्यायला. मला वाटलं, संपलं. पण तो दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी खोलीत गेला आणि सगळ्यांसमोर सांगून आला. भावजयीलाही त्यानंच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आपनहून सांगितलं न्हवं? मंग येते मी." आणि आली. खरं सांगते, त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही.

त्यानंतर त्यानं घेतली नाही. डोळे निवळले, हाताची थरथर थांबली, शाळांच्या भिंतींवर अक्षरं काढायची कामं मिळू लागली. पण विहारात पाचवं शील आलं की तो तसाच गप्प. मी म्हटलं, "आता तर म्हण." तर म्हणाला, "आजून माजा मलाच भरवसा न्हाई. म्हनलो आनि पुन्यांदा मोडलं, तर चवथंबी मोडंल आनि पाचवंबी." आणि मामा तसेच खोकायचे. मी मामांना म्हटलं, "आता कशाला? आता तर गावाला ठाऊक आहे तो पीत नाही." मामा हसून म्हणाले, "त्यो म्हननार तवाच माजा खोकला जानार. तवर राहू दे."

आता मामा नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. सारोळ्याच्या त्या बंगल्याचं हॉटेल झालंय. नीरेच्या पुलावरून जाताना मी अजून खिडकीतून ते झाड शोधते, आणि ते दिसलं की कांद्याचा वास आल्यासारखा वाटतो. मला ते उन्हाचे दिवस परत हवेत असं म्हणणं बरं नाही, कारण तेव्हा माझा भाऊ मरायला टेकला होता. पण मामा छत्री घेऊन पुढं आणि मी मागं, असं एकदा तरी पुन्हा चालायला मिळावं असं वाटतं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मरणानंतरच्या वंदनेला, विहार भरून गेला होता. त्यांनी जुळवलेली जोडपी कुठून कुठून आली होती. दारात चपलांचा ढीग झाला, तर भोरचे चष्मेवाले गृहस्थ वाकून त्या ओळीनं लावत होते. बौद्धाचार्यांनी भावाला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "मामांसाठी आज तूच म्हण." तो उभा राहिला. लहानपणी उभा राहायचा तिथंच. एकेक शील तो म्हणायचा आणि आम्ही मागून म्हणायचो. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं झालं.

आणि सगळे थांबलो. कोणी ठरवून नाही, सवयीनंच. सगळं गाव त्या खोकल्याची वाट बघत होतं. भावानं मामांच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. भावजयीची मान खाली जायला लागली होती.

भावानं पाचवं शील म्हटलं. मधे आवाज चिरकला, पण थांबला नाही, शेवटपर्यंत म्हटलं. त्याच्या मागून आम्ही म्हणायचं होतं, तर कोणाच्या तोंडून शब्द निघेना. पहिला आवाज आला तो भावजयीचा. मान वर करून, स्वच्छ म्हटलं तिनं. मग तिच्या मागून सगळ्यांनी म्हटलं. मला तेवढं म्हणता आलं नाही. मी पदर तोंडाला लावून खोकत बसले होते.